तुम्ही मला ओळखत नाही, पण...

फोन बहुतेक दुपारचा येतो. जेवणं झालेली असतात, मागचं आवरून मी वर्तमानपत्र हातात घेतलेलं असतं आणि पलीकडून जरा चाचरतच आवाज येतो, “नमस्कार, तुम्ही मला ओळखत नाही, पण...”

या ‘पण’च्या पुढे काय येणार, हे आता मला सवयीनं ठाऊक झालं आहे. कुणाला पणजोबांच्या वडिलांचं नाव हवं असतं. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं आणि गुरुजींनी गोत्र विचारलेलं असतं. कुणाला कुलदैवताचं गाव हवं असतं. आणि कुणाला नुसतंच विचारायचं असतं, “आपण एकाच घराण्यातले का हो?”

याला कारण मीच. २००९ साली मी शाळेतून निवृत्त झाले. शाळेत इतिहास शिकवत होते, पण तो पानिपतचा आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा. आपल्या घराचा इतिहास मुलांना विचारावा, असं इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, १९५८ साली छापलेला घराण्याचा कुलवृत्तांत कपाटातून बाहेर काढला. त्यात पुढच्या दोन पिढ्यांची भर घालायची, एवढाच बेत होता. त्यासाठी पुण्यात मोडीच्या वर्गाला गेले, दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरातली ट्रंक उपसली, नातेवाइकांना दोनशेवर पत्रं घातली. २०१४ साली पुरवणी छापून झाली. दोन वर्षांनी पुतण्यानं ते सगळं इंटरनेटवर ठेवलं आणि खाली माझा फोन नंबर आणि पत्ता टाकला. मला विचारूनच टाकला. मीच म्हटलं होतं, “टाक बाबा, म्हाताऱ्या माणसांची नावं विचारायला कोण येणार आहे!”

तेव्हापासून विचारणारे थांबलेले नाहीत. सुरुवातीला मला याचा कंटाळा येई. आता येत नाही. का येत नाही, तेच आज सांगायचं आहे.

गोत्र, कुलदैवत आणि किल्लेदार

नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस आणि लग्नसराई हा आमचा हंगाम! कोकणातून दीडदोनशे वर्षांपूर्वी घाट चढून गेलेली घराणी आता नागपूर, बडोदे, हैदराबाद अशी विखुरली आहेत. त्यांना आडनाव आणि गोत्र आठवतं, पण कुलदैवत विसरलेलं असतं. मग मी सांगते, की गुहागरचा व्याडेश्वर किंवा कोळथऱ्याचा कोळेश्वर ही कोकणातली कुलदैवतं आणि अनेकांची कुलस्वामिनी मात्र थेट मराठवाड्यात, अंबाजोगाईला, योगेश्वरी. कोकणातल्या माणसाची देवी बीड जिल्ह्यात कशी, याचं त्यांना नवल वाटतं. मलाही वाटतं.

दुसरा वर्ग असतो तो पराक्रमी पूर्वज शोधणाऱ्यांचा. “आमचे मूळ पुरुष पेशव्यांकडे किल्लेदार होते, असं आजोबा सांगायचे,” अशी सुरुवात होते. कागद काढून पाहावा तर मूळ पुरुषानं सावकाराकडून कर्ज घेतलेलं असतं आणि ते फेडण्यात दोन पिढ्या गेलेल्या असतात. हे सांगताना पलीकडे जी शांतता पसरते, तिची मला आता सवय झाली आहे. मी म्हणते, “अहो, फेडलं ना? मग तोही पराक्रमच की.”

कधी अगदी लांबून विचारणा होते. एकदा मॉरिशसहून एका गृहस्थांनी लिहिलं. त्यांचं आडनाव ऐकायला आमच्या घराण्यातल्या एका नावासारखं होतं, म्हणून त्यांना आशा वाटली. पण तिकडे गिरमिटी मजूर म्हणून गेलेल्या कितीतरी माणसांचं पहिलं नावच पुढे मुलाबाळांचं आडनाव होऊन बसलं. १८३४पासून मजुरांची जहाजं मॉरिशसला जाऊ लागली आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसंही होती. आमच्या घराण्याशी या गृहस्थांचा संबंध लागत नव्हता. पण तिथल्या मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची दप्तरं जपलेली आहेत. त्यात प्रत्येकाचा क्रमांक आणि गावाकडची माहिती असते. पणजोबांचा तो क्रमांक आधी मिळवा, गाव त्यातूनच निघेल, एवढं मी कळवलं. त्यांचं आभाराचं पत्र आलं. संबंध नाही असं सांगितल्याबद्दलसुद्धा माणसं आभार मानतात, हे मला तेव्हा कळलं.

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि आमच्यासारख्या मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. गावोगावचे तरुण जुन्या कागदांचे फोटो पाठवत. एक मुलगा म्हणाला, “बाई, हे अक्षर ‘कु’ असेल ना? जरा नीट बघा ना.” त्याचं शिक्षण, नोकरी त्या एका अक्षरावर अडकलेली होती, हे मला दिसत होतं. पण अक्षर ‘कु’ नव्हतं. मी कागदावर जे होतं ते वाचून दाखवलं आणि त्याच गावचा ‘गाव नमुना १४’ आणि शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहायला सांगितलं. त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. तो फोन माझ्या अजून मनात आहे.

कागद असतात कुठे?

हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते.

सगळ्यात आधी स्वतःच्या घरात पाहावं. जन्मटिपणं, लग्नाच्या याद्या, जमाखर्चाच्या वह्या, पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली नावं, आणि भांडी. हो, भांडी! आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी साल. माळ्यावरचं घंगाळं पुष्कळदा कुलवृत्तांतापेक्षा खरं बोलतं.

मग तीर्थक्षेत्रं. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. आडनाव आणि गाव सांगितलं की ते वही काढतात. तुमच्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ तिथे सापडू शकते. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या घराण्यांसाठी हेळवी असतात. हे लोक बैलावर वह्या लादून गावोगाव फिरत आणि शेतकरी घराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवत, नव्या जन्माची नोंद करत.

वतन किंवा इनाम असलेल्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तराची वाट धरावी. तिथे हजारो रुमालांत मोडी कागद बांधून ठेवले आहेत. १८५२च्या कायद्यानंतर इनाम कमिशननं इनामांची चौकशी केली, तेव्हा हक्क शाबीत करण्यासाठी लोकांनी वंशावळी सादर केल्या. पूर्वजांनी सरकारला घाबरून लिहिलेल्या त्या वंशावळी आज आपल्या कामी येतात.

आणि साल वाचताना जपावं. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल निघतं, पौषानंतरचा महिना असेल तर ७९. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे. जुन्या कागदांत अरबी शुहूर सन असतो, त्याला ५९९ किंवा ६००. एवढं सांभाळलं नाही तर नातू आजोबांच्या आधी जन्माला येतो! त्यातून आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव. एकाच वंशावळीत तीच दोन नावं आळीपाळीनं पाचपाच वेळा येतात.

पुरुषांचं निदान एवढं तरी सापडतं. बायकांचं काय? मुलगी लग्नापर्यंत वडिलांच्या वहीत आणि तीही असली तर ‘कन्या २’ अशी संख्येत. लग्न झालं की नाव बदलून सासरच्या वहीत. या दोन वह्यांना जोडणारा दोरा कुठेच नसतो. मला येणाऱ्या विचारणांपैकी सगळ्यात अवघड विचारणा बायकांविषयीच्या असतात, आणि त्यातलीच एक माझ्या कायमची लक्षात राहिली.

इंदूरचं पत्र

२०१९च्या फेब्रुवारीत एक पत्र आलं, चक्क पोस्टानं. ‘आदरणीय ताई, तुम्ही मला ओळखत नाही,’ अशी सुरुवात. अक्षर वळणदार, भाषा इंदूरची. ‘मी बँकेत होती, आता रिटायर झाली,’ असं ते तिकडचं गोड मराठी. लिहिणारी माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तिला तिच्या पणजीचं माहेर शोधायचं होतं.

पणजी १९६८ साली गेली, तेव्हा ही दोन वर्षांची. पणजी लहानपणी विधवा झाली होती. मामानं तिला पुण्याला नेऊन हिंगण्याच्या आश्रमात घातलं, तिथे ती शिकली आणि पुढे तिनं दुसरं लग्न केलं, एवढं घरात माहीत होतं. माहेरचा विषय निघाला की ती उठून आत जायची. तिच्या मागे एक तांब्या राहिला. त्याचा फोटो पत्रासोबत होता. तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती : एका पुरुषाचं नाव, आमच्या गावाचं नाव आणि ‘शके १८२३’.

ते नाव माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांचं होतं.

ट्रंकेत शके १८२३ची, म्हणजे १९०१ची, एक मोडी यादी होती. ती मी पूर्वी वाचली होती, पण लग्नखर्चाच्या याद्या सगळ्या सारख्याच, म्हणून बाजूला ठेवली होती. ती पुन्हा काढली. आजेसासऱ्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात दिलेल्या भांड्यांत लिहिलं होतं, ‘तांब्या १ नावाचा’. नवरीचं वय तेव्हा नऊ वर्षांचं.

मग कुलवृत्तांत उघडला. तिच्या नावापुढे छापलं होतं : ‘बालविधवा. शके १८३४त मृत.’ शके १८३४ म्हणजे १९१२. आणि ही इंदूरची बाई म्हणत होती, ती १९६८पर्यंत होती, चार मुलं वाढवली तिनं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं शक्य नव्हतं. आणि ती ओळ केवळ आण्णांची नव्हती. २०१४च्या पुरवणीत मीही तीच जशीच्या तशी उतरवली होती.

आण्णांनी कुलवृत्तांताचा कच्चा खर्डा जपून ठेवला होता. त्यात तिचं पान शोधलं. आण्णांच्या बारीक अक्षरात तिथे आधी लिहिलेलं होतं : ‘पुनर्विवाह, पुणे, शके १८३४’. त्यातल्या ‘पुनर्विवाह, पुणे’ या शब्दांवर लाल शाईची रेघ. वर लिहिलेलं, ‘मृत’. साल तेच ठेवलेलं. तिच्या लग्नाचं वर्ष आम्ही तिच्या मरणाचं म्हणून छापलं होतं.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायदा झाला म्हणून घरं बदलली नव्हती. १८९३ साली महर्षी कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. मुरूड आमच्याच तालुक्यातलं. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्या आश्रमात जायला म्हणून घराबाहेर पडलेल्या किती मुलींची नावं मागे त्यांच्या घरच्या वहीतून पुसली गेली असतील! जुन्या धर्मशास्त्रात पतित माणसाला जिवंतपणीच मेल्यासारखं धरून त्याच्या नावानं पाण्याचा घडा पालथा करण्याचा विधी आहे. आज आपण काडीमोडासाठी ‘घटस्फोट’ हा शब्द वापरतो, तो मुळात या विधीचा. आमच्या घरी तो विधी झाला की नुसतीच तिच्या नावानं आंघोळ केली, ते सांगणारं आता कुणी नाही.

“चुलीचं लिहू नकोस”

आता इंदूरला काय लिहायचं? मी चार दिवस पत्र तसंच ठेवलं. आण्णांविषयी मला फार आदर. त्यांनी माझ्याकडून बी.एड. करून घेतलं, मी नोकरीवर जावं म्हणून घरात भांडले. त्यांनी जाणूनबुजून जिवंत आत्याला मृत लिहावं, हे मला पटत नव्हतं, आणि परक्या बाईला तर सांगवतच नव्हतं.

शेवटी गावी गेले. आण्णांचे धाकटे चुलत भाऊ, आमचे भाऊकाका, तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे होते. ओटीवर बसून सुपाऱ्या सोलत होते. पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“सूनबाई, मेलेल्या माणसांना कशाला उठवतेस?” ते म्हणाले.

“ती मेलेली नव्हती ना पण, भाऊकाका.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “ठाऊक आहे मला. दरवर्षी भाऊबिजेच्या सुमारास इंदूरहून कार्ड यायचं. खाली नाव नसायचं. मी असेन आठनऊ वर्षांचा. पोस्टमन तात्यांच्याच हातात द्यायचा.” तात्या म्हणजे माझे आजेसासरे, तिचे थोरले भाऊ. “तात्या मागच्या पडवीत उभे राहून वाचायचे आणि चुलीत घालायचे. पण वाचायचे, हो. दोनदोनदा वाचायचे. १९४६ साली तात्या गेले आणि मग कार्डंही बंद झाली. तिला कुणी कळवलं, देव जाणे.”

“आणि आण्णांनी मृत का लिहिलं?”

“तेव्हा तुझ्या दोन्ही वन्सं लग्नाच्या होत्या. पुस्तक वरपक्षाच्या हातात जाणार. वहिनींनी हट्ट धरला. आण्णा दोन दिवस जेवला नाही, मग खाडाखोड केलीन.” थोड्या वेळानं म्हणाले, “लिही तिला. सगळं लिही. फक्त चुलीचं लिहू नकोस.”

मी इंदूरला लिहिलं. त्या दिवसापासून मी विचारणाऱ्यांना एका पद्धतीनं उत्तर देते, तीच पद्धत तेव्हा प्रथम वापरली. कागदाचे तीन भाग केले. पहिल्यात, कागदोपत्री काय सापडलं : लग्नाची यादी, तांब्या, खर्डा, त्यावरची लाल रेघ. दुसऱ्यात, घरच्या माणसांनी तोंडी काय सांगितलं : भाऊबिजेची कार्डं, ती वाचली जात. तिसऱ्यात माझा तर्क, आणि तो तर्क आहे असं स्पष्ट लिहून. छापलेली ओळ चुकीची आहे आणि ती पुन्हा छापण्यात माझीही चूक आहे, हेही लिहिलं. चुलीचं लिहिलं नाही. ती गोष्ट भाऊकाकांची होती. सांगायची तर त्यांनी सांगावी, असं मला वाटलं.

उत्तर आठ दिवसांत आलं. ‘ताई’च्या जागी ‘काकू’ झालं होतं. सोबत आणखी एक फोटो. पणजीच्या पोथीत सापडलेलं एक पोस्टकार्ड, १९४६चं. मजकूर दोन ओळींचा : तात्या अमुक तिथीला गेले, दुखणं फार दिवसांचं नव्हतं, शेवटी शुद्धीवर होते. खाली नाव नाही. ‘हे कुणी लिहिलं ते तुम्ही सांगू शकाल का?’ असं तिनं विचारलं होतं.

मला खर्डा काढून ताडून बघायची गरजही नव्हती. ते बारीक अक्षर आण्णांचं होतं. ज्या हातानं १९५८ साली तिला मृत लिहिलं, त्याच हातानं बारा वर्षांपूर्वी तिला भावाच्या मरणाची बातमी कळवली होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी खूप वेळ बसले. माझे सासरे मला तीस वर्षं ठाऊक होते. इंदूरच्या त्या अनोळखी बाईनं कार्ड पाठवलं नसतं, तर त्यांची ही बाजू मला कधीच कळली नसती.

त्या डिसेंबरात ती गावी आली. तांब्या घेऊनच आली. भाऊकाकांनी ओटीवर बसून नातं मोजलं, “माझ्या आत्याची पणती, म्हणजे माझी नात,” आणि मग तिला स्वतः मागच्या पडवीत घेऊन गेले. मी मुद्दामच मागे राहिले. पण घर जुनं, बोलणं ऐकू येतंच. त्यांनी चुलीचं सांगितलं. चूल आता नाही, तिथे गॅसचा ओटा आहे, पण जागा दाखवली.

ती थोडा वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, “दरवर्षी वाचायचे?”

“दरवर्षी,” भाऊकाका म्हणाले.

“बस,” ती म्हणाली आणि तांब्या घेऊन विहिरीवर पाणी आणायला गेली.

उत्तर द्यायचंच

तुमच्याही घरी कधीतरी असा फोन येईल. हल्ली वंशावळी, जुने फोटो जो तो इंटरनेटवर ठेवतो, तेव्हा येईलच. म्हणून अनुभवाच्या दोन गोष्टी सांगते.

हयात माणसांची माहिती परक्याला देऊ नये. पत्ता, जन्मतारीख, जमिनीचे गट क्रमांक, यातलं काही नाही. एका गृहस्थांनी वंशावळीच्या निमित्तानं आमच्या एका चुलत दिरांची मिळकत आणि मुलं विचारली होती, तेव्हा मी सावध झाले. अशा वेळी मी विचारणाऱ्याचा नंबर घेते आणि आमच्या माणसाला देते. बोलायचं की नाही, ते त्यानं ठरवावं. गेलेल्यांबद्दल मात्र हात आखडता घेऊ नये. आणि कुणाचं दत्तक जाणं, कुणाचं दुसरं घर, अशी नाजूक गोष्ट असेल तर ती फोनवर फाडकन सांगू नये. समोरच्याला काय ठाऊक आहे, ते आधी विचारावं.

पण उत्तर द्यावं. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असं द्यावं. आपण समजतो, विचारणारा घ्यायला आला आहे. माझा अनुभव असा, की त्याच्या हातात पुष्कळदा तांब्या असतो. आपल्या वहीत जे नाही, ते त्याच्या घरी असतं, कारण आपल्या वहीतून बाहेर पडलेली माणसं त्याच्याच घरी गेलेली असतात.

२०२० साली मी कुलवृत्तांताला एका पानाचं दुरुस्तीपत्रक छापलं आणि ज्यांच्याकडे पुस्तक होतं त्या सगळ्यांना पोस्टानं पाठवलं. छापण्याआधी मजकूर भाऊकाकांना वाचून दाखवला होता. त्यांनी एकच बदल सुचवला, ‘पुनर्विवाह’च्या पुढे नवऱ्याचंही नाव घाल. घातलं. २०२१ साली भाऊकाका गेले. तिची दोन्ही नावं, माहेरचं आणि सासरचं, आता एका ओळीत आहेत आणि पुढे चार मुलांची. ती नावं इथे मी लिहिलेली नाहीत, कारण इंदूरला तसा शब्द दिला आहे. ही हकीकत लिहायला मात्र तिनं आनंदानं परवानगी दिली.

भाऊबिजेला आता इंदूरहून फोन येतो. तीही दुपारीच करते. “काकू, ओळखलं का?” असं विचारते, आणि मी वर्तमानपत्र बाजूला ठेवते.